चालू फ्रँचायझी घ्यायची की नवीन काढायची? आधी करारातली उरलेली वर्षं मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी सोडून धंद्यात यायचंय, थोडी बचत आणि थोडं कर्ज मिळून भांडवल जमतंय, ब्रँड पक्का ठरलाय. त्याच ब्रँडचं सहा वर्षं चालू असलेलं एक फिटनेस सेंटर मालकाने विकायला काढलंय आणि दुसरीकडे कंपनी म्हणतेय की शेजारच्या एरियात नवीनच काढा. दोन्हीकडे पैसे साधारण सारखेच लागताना दिसतायत, मग कुठलं घ्यावं?

मी बरीच वर्षं फ्रँचायझी युनिट्सच्या खरेदी-विक्रीचं काम करतोय, कधी विकणाऱ्याकडून कधी घेणाऱ्याकडून, आणि त्याआधी स्वतः युनिट चालवलेलं आहे. या प्रश्नावर लोक दोनच उत्तरं देतात, एक म्हणजे चालू धंदा घे, पहिल्या दिवसापासून गल्ला सुरू, आणि दुसरं म्हणजे दुसऱ्याचं लफडं कशाला गळ्यात घेतोस, नवं काढ. दोन्ही अर्धवट आहेत, कारण दोन्हीत आकडे नाहीत. म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. फ्रँचायझीचा धंदा तुमचा असतो पण कायमचा नसतो. कंपनी तुम्हाला तिचं नाव, पद्धत आणि एरिया ठराविक वर्षांसाठी वापरू देते, बऱ्याच ठिकाणी ५ किंवा १० वर्षं, मोजक्या मोठ्या ब्रँडमध्ये २० सुद्धा. मुदत संपली की बोर्ड उतरवायचा किंवा रिन्यूअल मागायचं, आणि रिन्यूअल म्हणजे जुन्याच अटी पुढे चालू असं नसतं, बहुतेक करारांत लिहिलेलं असतं की त्या वेळी कंपनीचा जो नवीन करार असेल त्यावर सही करावी लागेल. त्यामुळे चालू युनिट घेताना तुम्ही मशीनं, मेंबर, स्टाफ, नाव हे सगळं घेता असं वाटतं, पण हे सगळं ज्याच्यावर उभं आहे ती म्हणजे करारातली उरलेली वर्षं. आणि जागा भाड्याची असेल तर भाडेकरारातली उरलेली वर्षं. या दोनांत जी कमी, तेवढंच तुमच्या हातात येतंय. फ्रँचायझीचा करार सात वर्षं शिल्लक आणि जागेचा दोन वर्षं, तर तुम्ही दोन वर्षांचा धंदा घेताय, पुढचं सगळं जागामालकाच्या मर्जीवर.

आता आकड्यात बघू. रुपये-डॉलर काही धरू नका, वर्षाची विक्री १०० आहे असं समजा. सामान, पगार, भाडं, वीज असं सगळं जाऊन ७८ खर्च. रॉयल्टी, म्हणजे ब्रँड वापरल्याबद्दल कंपनीला द्यायचा हिस्सा, ६ आणि जाहिरात फंड २, हे दोन्ही विक्रीवर लागतात, नफ्यावर नाही, हे नवीन माणूस हमखास विसरतो, तोटा झाला तरी हे द्यावेच लागतात. उरले १४. मालक म्हणतो माझा नफा १४, तिप्पट किंमत धरा, ४२ द्या. आणि छोट्या धंद्यात मालकाच्या एकूण कमाईच्या दोन-तीन पट भाव हा नेहमीचाच असतो, त्यामुळे ऐकायला वावगं काही वाटत नाही.

पण तो मालक सकाळी साडेपाचला शटर उघडतो आणि रात्री दहाला बंद करतो. त्याच्या जागी मॅनेजर ठेवला तर ६ जातील. तुम्ही स्वतः उभे राहणार असाल तरी ते ६ तुमच्या मेहनतीचे आहेत, गुंतवलेल्या पैशाने कमावलेले नाहीत. राहिले ८. सहा वर्षांची ट्रेडमिल अजून किती चालणार, दरवर्षी काही ना काही बदलावंच लागेल, त्याचे २ बाजूला काढा. राहिले ६. म्हणजे तुमचे ४२ कामाला लावून वर्षाला ६ येणार, ती तिप्पट नाही झाली, सातपट झाली. सात वर्षं लागतील पैसे परत यायला आणि करार उरलाय चार वर्षांचा!

इथे माणूस म्हणतो मग नवीनच बरं. थांबा, त्याचंही करू. नवीन सेटअप, फ्रँचायझी फी, डिपॉझिट, इंटिरियर, मशीनं मिळून ५० धरा. पहिल्या वर्षीचा तोटा ८. आणि पहिली दोन वर्षं तुम्हाला पगार सुटणार नाही, म्हणजे घरखर्चाचे वर्षाला ६ प्रमाणे १२ कुठून तरी आणायचे. झाले ७०. कंपनी माहितीपत्रकात ५० सांगते, तुमच्या खिशातून जातात ७०. पण बदल्यात करार पूर्ण १० वर्षांचा.

आता वर्षाला काय पडलं ते काढा. जुनं ४२ भागिले ४ म्हणजे साडेदहा. नवीन ७० भागिले १० म्हणजे ७. पण जुन्याच्या बाबतीत एक प्रश्न अजून विचारलेला नाही, की ट्रान्सफर करताना कंपनी उरलेली चारच वर्षं देते का नवा १० वर्षांचा करार देते. समजा नवा करार देते, पण बदल्यात म्हणते की सेंटर नवीन डिझाइनप्रमाणे करून घ्या, त्याचे १२. मग ४२ अधिक १२ म्हणजे ५४, भागिले १०, वर्षाला ५.४ पडले, आणि कमाई पहिल्या महिन्यापासून. आता जुनं स्वस्त झालं. तेच सेंटर, तोच मालक, तेच मेंबर, फक्त एका कलमामुळे उत्तर उलटं झालं. म्हणून मी म्हणतो की चालू का नवीन हा वाद घालण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या की ट्रान्सफरनंतर मुदत किती मिळणार.

आणि नवा करार मिळाला म्हणून लगेच खुश होऊ नका, त्यातली रॉयल्टी बघा. जुना मालक ६ टक्के देत होता, कारण त्याने सहा वर्षांपूर्वी सही केली होती, आज कंपनीचा रेट ८ असेल तर तुम्हाला ८. विक्रीतले दोन टक्के म्हणजे किरकोळ वाटतात, पण वर आपण जे खरे ६ काढले त्यातले २ गेले, म्हणजे तुमच्या नफ्याचा तिसरा हिस्सा गेला. विकणाऱ्याने दाखवलेला नफ्याचा हिशोब त्याच्या रेटवर आहे, तुमच्या रेटवर तो परत मांडल्याशिवाय भावाची बोलणी सुरूच करू नका.

आता विकणाऱ्याचे आकडे खरे कसे समजायचे. फ्रँचायझीत एक मोठी सोय आहे जी साध्या दुकानात नसते: त्याने दर महिन्याला किंवा आठवड्याला कंपनीला विक्री कळवलेली असते, कारण रॉयल्टी त्याच्यावरच कापली जाते. ते रॉयल्टी स्टेटमेंट मागा, किमान तीन वर्षांचं, महिन्यावार. शेजारी बँक स्टेटमेंट ठेवा, त्याच्या शेजारी कराचे रिटर्न ठेवा, आणि तिन्ही महिन्यामहिन्याने जुळवा. थोडा फरक राहतो, रिफंड, कर, तारखांचा घोळ, ते समजावून देता येतं. पण काही जण हळूच सांगतात की साहेब कागदावर एवढी दिसते पण खरी विक्री जास्त आहे, कॅशचा वेगळा हिशोब आहे. हे ऐकलं की त्या जास्तीच्या विक्रीचा एक पैसाही द्यायचा नाही. एक तर तो तुमच्याशी खोटं बोलतोय, नाही तर कंपनीशी आणि कर खात्याशी खोटं बोललाय, आणि दुसरं खरं असेल तर कंपनीला ऑडिट करून मागची रॉयल्टी वसूल करायचा हक्क करारात जवळपास नक्की असतो. ते ऑडिट तुम्ही खुर्चीत बसल्यावर आलं तर?

फिटनेस सेंटर आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम जवळून दाखवतो, कारण यात मी चांगले शिकलेले, हिशोबात हुशार लोक अडकताना बघितलेत. एक सेंटर विकायला आलं होतं, शेवटच्या चार महिन्यांचं बँक स्टेटमेंट बघून घेणारा एकदम तयार झाला, जमा रक्कम आधीच्या वर्षापेक्षा जवळपास दीडपट. मी मेंबरशिप सॉफ्टवेअरमधून एकच रिपोर्ट काढायला सांगितला, प्रत्येक मेंबरची संपण्याची तारीख. त्यात दिसलं की मालकाने त्या चार महिन्यांत मोठी ऑफर लावून वार्षिक आणि दोन वर्षांच्या मेंबरशिप विकल्या होत्या. पैसे सगळे आधीच त्याच्या खात्यात, आणि पुढची दीड-दोन वर्षं त्या लोकांना सेवा कोण देणार तर नवीन मालक, फुकटात, वर भाडं, वीज, ट्रेनरचे पगार स्वतःच्या खिशातून. तो जमा पैसा नफा नव्हताच, ते देणं होतं. शेवटी आम्ही प्रत्येक मेंबरशिपचे उरलेले महिने मोजले, तेवढ्या प्रमाणात रक्कम किमतीतून वजा केली, आणि मालक आधी चिडला पण मान्य केलं त्याने, कारण रिपोर्ट त्याच्याच सिस्टिममधला होता.

हे फक्त जिमचं नाही. क्लासेस असतील तर आगाऊ घेतलेली फी, सर्व्हिसिंगचा धंदा असेल तर विकलेली वार्षिक पॅकेजेस, दुकान असेल तर गिफ्ट कार्ड आणि लॉयल्टी पॉइंट. जिथे जिथे गिऱ्हाइकाने आधी पैसे दिलेत आणि माल किंवा सेवा नंतर मिळणार आहे तिथे ते कर्जच समजायचं आणि किमतीतून वजा करायचं.

मालक का विकतोय हे सगळे विचारतात आणि सगळ्यांना तेच उत्तर मिळतं, तब्येत, फॅमिली, दुसरीकडे शिफ्ट होतोय. खरं असेलही, मी प्रत्येकावर संशय घ्या म्हणत नाही, पुष्कळ लोक खरोखर थकतात, ८-१० वर्षं सुट्टी न घेता युनिट चालवणं म्हणजे काय असतं ते मला माहितीये. पण उत्तर त्याच्याकडून घेण्याऐवजी आजूबाजूने तपासा. करार संपायला किती वर्षं आहेत? रिन्यूअल तोंडावर आलं की विकायला काढणारे खूप. कंपनीने नवीन डिझाइन सक्तीचं केलंय का, म्हणजे मोठा खर्च येतोय म्हणून हा बाहेर पडतोय का? जवळपास त्याच ब्रँडचं दुसरं युनिट येतंय का? आणि हो, इथे तुमच्या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते, कारण कंपनी तुम्हाला शेजारच्या एरियात नवीन देतेय. म्हणजे तुम्ही चालू सेंटर घेतलं आणि ती शेजारची जागा उद्या तिसऱ्याला दिली, तर त्याचे मेंबर कुठून येणार? काही तुमच्यातलेच जाणार. आणि तुम्ही शेजारी नवीन काढलं तर तुम्ही सहा वर्षं रुजलेल्या सेंटरशी त्याच नावाने स्पर्धा करणार. करारात टेरिटरीचं कलम शोधा, हद्द नकाशावर आखलेली आहे का, आणि त्या हद्दीत कंपनी स्वतः किंवा ऑनलाइन विकू शकते का. बऱ्याच करारांत एक्सक्लुझिव्ह हा शब्दच नसतो, तोंडी मात्र सगळे सांगतात की तुमच्या एरियात कोणी येणार नाही.

ट्रान्सफरची प्रक्रिया लोकांना घर विकत घेण्यासारखी वाटते, दोघांनी ठरवलं आणि झालं. तसं नसतं. कंपनीची लेखी परवानगी लागते, ती तुमची मुलाखत घेईल, तुमची आर्थिक कुवत बघेल, ट्रेनिंग करायला लावेल, ट्रान्सफर फी घेईल, आणि बऱ्याच करारांत कंपनीला पहिला हक्क असतो, म्हणजे तुम्ही जो भाव ठरवला त्याच भावात ती स्वतः घेऊ शकते, तुम्ही केलेली सगळी मेहनत वाया. शिवाय मालकाची मागची थकबाकी फिटल्याशिवाय परवानगी मिळत नाही, ही मात्र तुमच्या फायद्याची अट आहे. तर टोकन द्यायचं असेल तर पावतीवर स्पष्ट लिहून घ्या की कंपनीची परवानगी, जागामालकाची भाडेकराराला संमती आणि कर्जमंजुरी या तिन्हीतलं एक जरी आलं नाही तरी टोकन पूर्ण परत. हे एक वाक्य नसल्यामुळे अडकलेले पैसे मी फार बघितलेत आणि अगदी सज्जन माणसांमध्येसुद्धा त्यावरून भांडणं होतात.

कायद्याचं थोडं सांगतो कारण इथे एक अशी जागा आहे जी अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटते. अमेरिकेत १९७९ पासून फ्रँचायझी रूल लागू आहे, २००७ मध्ये तो सुधारला, त्याप्रमाणे कंपनीला नवीन फ्रँचायझी विकताना २३ मुद्द्यांचं डिस्क्लोजर डॉक्युमेंट, म्हणजे कंपनीची सगळी माहिती उघड करणारा कागद, ज्याला सगळे एफडीडी म्हणतात, सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी द्यावं लागतं. पण चालू युनिट तुम्ही जुन्या मालकाकडून घेत असाल आणि त्या व्यवहारात कंपनीचा खास सहभाग नसेल, तर ते देणं तिला बंधनकारक नसतं. म्हणजे चालू धंदा सुरक्षित समजून घेणाऱ्यालाच कायद्याने कमी कागद मिळू शकतात. मागून घ्यायचं, लाज बाळगायची नाही, नवीन युनिटसाठी तीच कंपनी तेच डॉक्युमेंट वाटत असतेच. त्यातला २० वा मुद्दा सगळ्यात आधी उघडा, मागच्या तीन वर्षांत किती युनिट उघडली, किती बंद झाली, किती कंपनीने परत घेतली आणि किती हात बदलली हे तिथे तक्त्यात असतं, आणि चालू तसंच सोडून गेलेल्या फ्रँचायझींचे संपर्कही असतात. हात बदललेली युनिट्स वर्षागणिक वाढताना दिसली तर एकाच मालकाची तब्येत बिघडलीय असं नाही, बऱ्याच जणांना बाहेर पडायचंय. सोडून गेलेल्यांना फोन करा, चालू असलेले जपून बोलतात कारण त्यांनाही उद्या विकायचं असतं.

ऑस्ट्रेलियात फ्रँचायझी कोड आहे, तिथे सही केल्यावर १४ दिवसांचा विचार बदलायचा कालावधी मिळतो. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही, करार कायदा १८७२, ट्रेडमार्कचा कायदा आणि जे तुम्ही सही करून दिलं ते. त्यामुळे डिस्क्लोजर मागणं हे संपूर्णपणे तुमच्यावर. आणि एक बारीक मुद्दा, जुना मालक विकून झाल्यावर पलीकडच्या गल्लीत तसंच सेंटर काढू नये म्हणून अट घालायची असेल तर भारतात कलम २७ प्रमाणे धंद्याला मज्जाव करणारे करार रद्द ठरतात, पण गुडविल, म्हणजे धंद्याचं कमावलेलं नाव आणि गिऱ्हाईक, विकल्यास वाजवी हद्दीत अशी अट चालते, म्हणून खरेदीच्या करारात गुडविल विकलं असं स्वच्छ लिहून घ्या, नुसतं मशीन आणि फर्निचर विकलं असं लिहू नका. देश कुठलाही असो, वकील फ्रँचायझी करार वाचलेला हवा, नुसता प्रॉपर्टीवाला नको.

विकत घेताना कंपनीचे शेअर घ्यायचे की फक्त मालमत्ता, हा प्रश्न युनिट प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर असेल तर येतो. शेअर घेतले तर मागची सगळी देणी, नोटिसा, कामगारांचे दावे तुमच्याबरोबर येतात. छोट्या धंद्यात मी जवळजवळ नेहमीच मालमत्ता घ्या म्हणतो. तरीही कराची थकबाकी काही ठिकाणी धंद्याबरोबर नवीन मालकाकडे येते, त्यामुळे किमतीचा एक भाग, १० टक्के म्हणा किंवा १५, सहा महिने ते वर्षभर रोखून ठेवायचा, काही जुनं बिल निघालं तर त्यातून वळता करायचा. विकणारा याला तयार नसेल तर का नाही ते विचारा. त्याहून बरं म्हणजे किमतीचा काही भाग हप्त्याने घ्यायला तो तयार असेल तर, कारण मग तुमचं सेंटर चालावं अशी त्याचीही गरज राहते.

स्टाफबद्दल एकच सांगतो पण हे नीट ऐका. सेंटर कोणाच्या जिवावर चालतं ते शोधा. कितीतरी युनिटमध्ये मालक नावाला असतो, आणि एक मॅनेजर किंवा एक सिनियर ट्रेनर असतो ज्याला प्रत्येक मेंबर नावाने ओळखतो. तो गेला की त्याच्या मागून मेंबर जातात. व्यवहार पूर्ण व्हायच्या आधी, मालकाच्या परवानगीने, त्या माणसाला भेटा, तो थांबणार का, त्याला काय हवंय. मालक आत्ता भेटू देत नसेल तर व्यवहाराच्या दिवसापर्यंत तरी ही भेट झालीच पाहिजे अशी अट ठेवा.

आता नवीनची बाजू, कारण वर मी जुन्याचे दोषच जास्त सांगितले असं वाटेल. नवीन युनिटमध्ये मशीनं नवी, करार पूर्ण, मागचं काही ओझं नाही, स्टाफ तुम्ही निवडलेला, सवयी तुम्ही लावलेल्या. पण कंपनी जो अंदाजे खर्च देते त्यात खेळत्या भांडवलाची रक्कम बघा किती महिन्यांची धरलीय. अमेरिकेतल्या एफडीडीत ७ व्या मुद्द्यात सुरुवातीच्या काळासाठी जादा पैसे दाखवावे लागतात, पण तो काळ किमान तीन महिन्यांचा धरला तरी चालतो. तीन महिन्यांत फिटनेस सेंटर स्वतःच्या पायावर उभं राहत नाही हे त्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. शिवाय उद्घाटनाच्या आधीचे महिने कोणी मोजतच नाही, जागेचा ताबा घेतला, भाडं सुरू झालं, परवाना अडकला, इंटिरियरवाला लांबला, आणि हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला जातोय. म्हणून मी नवीन काढणाऱ्याला सांगतो की कंपनीच्या आकड्यावर वर्षभराचं भाडं, वर्षभराचे पगार आणि तुमच्या घराचं वर्षाचं राशन-फी-हप्ते वेगळे काढून ठेवता येत असतील तरच या रस्त्याला जा. कर्ज काढून खेळतं भांडवल आणि त्याच कर्जातून घर, असं असेल तर नाही.

बँकसुद्धा चालू युनिटला जरा सोपं कर्ज देते कारण तिला तीन वर्षांची विक्री दिसते, नवीनला तुमचा अंदाज आणि तुमचं तारण. पर्सनल गॅरंटी मात्र दोन्हीकडे मागतात, फ्रँचायझी करारात पण आणि भाडेकरारात पण, आणि युनिट बंद पडलं तरी ती गॅरंटी बंद पडत नाही, उरलेल्या भाड्याची सुद्धा जबाबदारी राहू शकते. पती-पत्नी दोघांच्या सह्या मागतात तेव्हा घरी बसून हे नीट बोला.

अजून एक प्रकार आहे ज्याचा विचार होत नाही: तोट्यातलं किंवा ढेपाळलेलं चालू युनिट. जागा चांगली, करार लांब, पण मालकाचं लक्ष नाही. हे नवीनपेक्षा खूप स्वस्तात मिळतं आणि ज्याने आधी टीम सांभाळलीय, विक्री केलीय त्याच्यासाठी मला हाच सगळ्यात चांगला सौदा वाटतो. पण पहिल्यांदाच धंद्यात येणाऱ्याने यात पडू नये, कारण युनिट मालकामुळे पडलंय का जागेमुळे हे ओळखायला नजर लागते, आणि जागेमुळे पडलेलं युनिट कितीही राबलात तरी उठत नाही.

तुमच्या केसमध्ये माझा कल सांगतो. तुम्ही पहिल्यांदा धंद्यात येताय, कर्ज आहे, म्हणजे दोन वर्षं बिनपगारी काढायची ताकद कमी आहे. अशा माणसाने चालू सेंटर घ्यावं असं मला वाटतं, पण तीन अटींवर: ट्रान्सफरनंतर किमान ८ वर्षं मुदत लेखी मिळाली पाहिजे आणि भाडेकरारही तेवढाच, शेजारचा एरिया कोणाला द्यायच्या आधी तो तुम्हाला विचारला जाईल असं कलम मिळालं पाहिजे, आणि भाव तुमच्या रॉयल्टीवर, मॅनेजरचा पगार वजा करून, आगाऊ मेंबरशिप वजा करून ठरला पाहिजे. पहिली अट मान्य झाली नाही तर बाकीची बोलणीच करू नका, कितीही छान चाललेलं सेंटर असो. दुसरी मान्य झाली नाही तर भाव बराच पाडून मागा, कारण ती जोखीम तुम्ही घेताय. आणि शेजारच्या एरियासाठी कंपनीचा माणूस घाई करत असेल, या महिन्यात सही केली तर फी कमी वगैरे, तर त्याला शांतपणे सांगा की ट्रान्सफरचं उत्तर आलं की बोलू, तो एरिया इतक्या लवकर जात नाही, गेलाच तर तुम्हाला कळेल की पहिल्या सेंटरच्या हद्दीला कंपनी किती मानते.

या आठवड्यात फक्त तीन कागद मागा, मालकाकडून मूळ फ्रँचायझी करार पूर्ण, सगळ्या जोडपत्रांसकट, भाडेकरार, आणि मेंबरशिप संपण्याच्या तारखांचा रिपोर्ट. गोपनीयतेचं कारण सांगितलं तर गोपनीयतेच्या करारावर सही करून द्या आणि मग मागा. पैशाची गोष्ट त्यानंतर.